विहिरीमागच्या प्लॉटचा नकाशा

अप्पांनी, म्हणजे स्नेहलच्या वडिलांनी, रविवारी सकाळी दहाला सगळ्यांना पॅकिंग शेडमध्ये बोलावलं होतं. पावणेदहा झाले तरी स्नेहल मागच्या पायरीवरच बसून होती. मांडीवरच्या पिशवीत आलेखाचा मोठा कागद चार घड्या घालून ठेवलेला होता, आणि तो शेडमध्ये उघडायचा की तसाच परत कपाटात ठेवायचा, हे तिचं काही ठरत नव्हतं.

कागद उघडला तर मनीषाकाकूचं बागेत जाणं बंद होणार होतं. नाही उघडला तर ठमाबाईची टोळी जाणार होती.

सगळं सुरू झालं ते एक्स्पोर्टवाल्याच्या माणसापासून. माल तोडायला महिना असताना तो मोहाडीला आला, सगळे प्लॉट पायी फिरला आणि विहिरीमागच्या प्लॉटमध्ये पोचल्यावर मान हलवायला लागला. घड सारखे नाहीत, म्हणाला. एका झाडाला मणी इतके गच्च, की एकमेकांना दाबून चपटे झालेले. पुढच्या झाडाला इतके विरळ, की आतला देठ दिसतोय. बाकी बाग घेतो, एवढा प्लॉट सोडून. तिच्या थोरल्या भावाने, हर्षलने, त्याच संध्याकाळी निकाल दिला. द्राक्षाचे मणी हरभऱ्याएवढे झाले की घडातले जास्तीचे मणी बारीक कात्रीने काढून टाकतात, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. हे थिनिंग गेली चौदा वर्षं हरसूलकडची ठमाबाई आणि तिच्या बारा बायका करत होत्या. बायका माजल्या, हर्षल म्हणाला, पुढच्या हंगामाला दुसरी टोळी.

स्नेहलनेच तेव्हा मध्ये तोंड घातलं. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून ती नुकतीच घरी आली होती, आणि पुराव्याशिवाय निकाल लावलेला तिला सहन होत नसे. "दादा, मला तीन आठवडे दे," ती म्हणाली. "कारण शोधून देते."

"घ्या," हर्षल म्हणाला. "घरच्या बागेत पीएचडी."

तिने माती तपासून आणली, पानांचे देठ तपासून आणले, ठिबकच्या प्रत्येक ड्रिपरखाली ग्लास धरून पाणी मोजलं. सगळं ठीक होतं. मग ती मणी मोजायला बसली. छत्तीस ओळी, एका ओळीत चाळीस झाडं, दर झाडाचे दोन घड. अकरा दिवस तिने दुसरं काही केलं नाही. आलेखाच्या कागदावर प्रत्येक झाडाला एक चौकोन दिला. शंभराच्या आसपास मणी असले तर चौकोन कोरा, घड गच्च असला तर लाल, बोडका असला तर निळा.

शेवटचा चौकोन रंगवून तिने कागद भिंतीला लावला आणि चार पावलं मागे सरली. लाल चौकोन विखुरलेले नव्हते. त्यांचे सरळ आडवे पट्टे पडले होते, आणि प्रत्येक पट्टा बरोबर सहा ओळींचा होता. सातव्या ओळीपाशी पट्टा कापल्यासारखा संपायचा आणि दुसरीकडेच कुठेतरी नवा सुरू व्हायचा. माती असं करत नाही. बुरशी असं करत नाही. सहा-सहा ओळी धरून फक्त माणसं चालतात: सहा ओळी, दोन्ही अंगांना एकेक बाई, बारा बायका. त्या बाराही जणी एकाच क्षणी, एकाच झाडापाशी, कात्री चालवायचं विसरल्या होत्या. एकदा नव्हे, एकोणीस वेळा.

हे का झालं असावं, याचं उत्तर तिच्या टेबलावरच पडलेलं होतं. काकूच्या नव्या कादंबरीची वही.

मनीषाकाकूच्या सत्तावीस कादंबऱ्या छापून आल्या होत्या. दर साली एक. पातळ, रंगीत कव्हराची, एस.टी. स्टँडवर आणि वाचनालयात फाटेपर्यंत वाचली जाणारी प्रेमकथा. नाशिकच्या वाचनालयात तिच्या नावाचं वेगळं फडताळ होतं. घरात मात्र त्या पुस्तकांचं कौतुक बेतानंच. चतुराबाई, म्हणजे स्नेहलची आई, आल्यागेल्याला सांगायची की आमच्या जाऊबाई लग्नं जुळवतात, कागदावरची. काकूचा नवरा, कुंदनकाका, मनमाडला रेल्वेत होता, रविवारपुरता घरी यायचा. डब्यातल्या बायका त्याला विचारत, की पुस्तकातले ते हिरो म्हणजे तुम्हीच का? तो म्हणे, "माझं नाव अजून वेटिंग लिस्टवर आहे."

यंदा टायपिंग करणारा माणूस गाव सोडून गेला, म्हणून वही स्नेहलकडे आली होती. समासात जागोजागी पेन्सिलने आकडे होते. ७–१२/१५. १९–२४/३१. टायपिंगवाल्यासाठी काही खुणा असतील, असं तिला वाटलं होतं. आता ती उठली, वही आणली आणि एकेक आकडा नकाशावर शोधत गेली, आधी ओळी, मग झाड. एकोणीस आकडे होते. एकोणीसही लाल पट्ट्यांवर पडले.

शुक्रवारी दुपारी ती वही आणि नकाशा घेऊन काकूच्या स्वयंपाकघरात गेली. काकू मेथी निवडत होती. तिने नकाशाकडे पाहिलं, हात पुसले, आणि बराच वेळ लाल चौकोनांवरून बोट फिरवत राहिली.

"असा दिसतो होय," ती म्हणाली. "मला नुसता ऐकू आला होता."

मग तिने सांगितलं. या घरात आल्यावर पहिल्याच हंगामात ती तेव्हाच्या टोळीबरोबर थिनिंगला उभी राहिली, आणि वेळ जावा म्हणून एक गोष्ट सांगायला लागली. बारा कात्र्या सतत वाजत होत्या. एका वाक्याला त्या थांबल्या. सगळ्या. पानांतून वारा ऐकू आला. त्या संध्याकाळी तिने तेवढंच वाक्य वहीत लिहिलं. तेव्हापासून हीच रीत. आधी ओळीत सांगायचं. जिथं कात्र्या थांबतील तेवढं घरी आणायचं, जिथं वाजत राहतील ते तिथंच सोडायचं. विहिरीमागचा प्लॉट एवढ्यासाठी, की तिथं रस्त्याचा आवाज येत नाही. आजवर एका हंगामात कात्र्या पाच-सहादा थांबत, ते कुणाच्या ध्यानात येत नसे; यंदा एकोणीस वेळा थांबल्या.

"चेहऱ्यावर कधी विश्वास ठेवू नये," ती म्हणाली. "बायका तोंडदेखलं रडतात, तोंडदेखलं हसतात. हात खोटं बोलत नाहीत."

स्नेहलने विचारलं की इतर लेखिका वाचतेस का, त्यांच्याकडून काही सुचतं का. काकूने फळीकडे मान केली. तिथं रहस्यकथांचे गठ्ठे होते, द्राक्षावरच्या रोगांच्या पुस्तिका होत्या आणि तीन वर्षांच्या वधू-वर सूच्या होत्या. प्रेमकथा एकही नव्हती. "गोड खाऊन चहा प्यायला की चहा फिका लागतो," ती म्हणाली. "खून वाचावेत. कोण कुणाच्या घरात कधी शिरलं, ते नीट कळतं. आणि वधू-वर सूची वाचावी. 'अपेक्षा' म्हणून माणसं चार शब्दांत जे लिहितात ना, त्यात अख्खी कादंबरी असते."

"आणि बागेत गेलीच नाहीस तर? घरी बसून नाही लिहिता येणार?"

"गारपिटीच्या साली बसले होते की."

स्नेहलने रात्री हेही पडताळून पाहिलं. यंदाचा सोडून काकूच्या लग्नाला अठ्ठावीस हंगाम झाले होते. कादंबऱ्या सत्तावीस. ज्या साली डिसेंबरात गारांनी बाग झोडपली आणि थिनिंग झालंच नाही, त्या साली कादंबरी नव्हती.

तो आकडा तिच्या डोक्यातून जात नव्हता. कॉलेजात तिने सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दुभंगताना पाहिली होती, तेव्हा असंच वाटलं होतं, की आपण बघायला नको अशा जागी डोळा लावलाय.

दहाला ती पिशवी घेऊन उठली. शेडमध्ये सगळे जमले होते. अप्पा रिकाम्या क्रेटवर बसले होते, हर्षल मोबाइलवर बाजारभावाचे मेसेज बघत उभा, कुंदनकाका आणि काकू शेजारी शेजारी, आई चहाचे ग्लास भरत होती. दाराशी ठमाबाई उभी होती. बस म्हटलं तरी बसली नाही.

हर्षलने सगळं पुन्हा सांगितलं आणि शेवटी म्हणाला, टोळीला निरोप देऊ. ठमाबाई वाद घालत बसली नाही. एवढंच म्हणाली, "चौदा वर्सं आलो. कात्री कधी चुकली नाय. यंदा चुकली म्हणता, तर चुकली असंल." आणि काकूकडे तिने मुद्दाम पाहिलं नाही.

ते न पाहणं स्नेहलला दिसलं. तिने पिशवीत हात घातला, पण तेवढ्यात काकूच बोलली.

"टोळीचा दोष नाही. माझा आहे."

अप्पा काकूशी कधी थेट बोलत नसत. धाकट्या भावजयीशी थोरल्या दिराने समोरासमोर बोलायचं नाही, ही जुनी रीत गावातून केव्हाच गेली होती. अप्पांनी मात्र ती अठ्ठावीस वर्षं पाळली होती, आणि आता मोडायला कारण नव्हतं. ते कुंदनकाकाकडे वळले. "तिला विचार, म्हणजे काय?"

"मी गोष्ट सांगत होते," काकू म्हणाली. "त्या ऐकत होत्या."

हर्षल हसला. "काकू, तुम्ही ठमाबाईला पाठीशी घालताय. गोष्टीनं कुठं द्राक्ष बिघडतं?"

त्या क्षणी स्नेहलला कळलं की कागद लपवण्यात आता अर्थ नाही. तिने दोन क्रेट ओढले, त्यावर नकाशा पसरला, आणि प्रयोगवहीत लिहावं तसं क्रमाने सांगत गेली. माती, पाणी, देठ, मणी. मग पट्टे. मग वही आणि समासातले आकडे. ती बोलत असताना हर्षलने मोबाइल खिशात टाकला आणि नकाशावर वाकला. वही घेऊन दोन आकडे त्याने स्वतः जुळवून पाहिले. मग तिसरा.

"निळे कशाचे?" त्याने विचारलं. आवाजातली थट्टा गेली होती.

"तिथं राग आला असणार. गच्च घड म्हणजे कात्री थांबली. मग मागं पडू नये म्हणून तो तसाच सोडून पुढं गेल्या. बोडका घड म्हणजे रागात कातरत सुटल्या. ही बघ, आठवी ओळ. एकट्या एकाच बाईचं काम आहे हे. चार झाडं."

"ते माझं," आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. चतुराबाईने ग्लास खाली ठेवला. "काय बघताय? मीही जाते दुपारची. त्या पोरीला सासू असलं बोलली, की माझा हात आवरला नाही."

"तू तर म्हणतेस, कागदावरची लग्नं," कुंदनकाका म्हणाला.

"मग? लग्नाला जाऊ नये का माणसानं?"

ठमाबाईने पदर तोंडाला लावला. अप्पा मात्र हसले नाहीत. कारण सापडलं म्हणजे उपाय सापडला, आणि उपाय सरळ होता. ते कुंदनकाकाला म्हणाले, की टोळी राहू दे, पण पुढच्या हंगामापासून थिनिंगच्या वेळी घरातल्या बायकांनी बागेत पाऊल ठेवायचं नाही. लिहायचं ते घरात बसून लिहावं. त्याला कुणाची ना नाही.

काकूने क्रेटवरची वही उचलली. ती मिटून मांडीवर घेतली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले. स्नेहलला गारपिटीचं साल आठवलं. आपल्या अकरा दिवसांच्या मोजणीचा हा निष्कर्ष निघाला होता.

"एक विचारायचं राहिलं," हर्षल म्हणाला. तो अजून नकाशावरच वाकलेला होता. "बाकीचे पट्टे एका झाडाचे आहेत. हा बघ. एकोणिसावी ते चोविसावी ओळ, एकतिसाव्या झाडापासून चौतिसाव्यापर्यंत. चार झाडं, सहाही ओळी. पूर्ण लाल. इथं काय झालं?"

काकूने नको म्हणून मान हलवली. ठमाबाई दारातून म्हणाली, "सांगा ना, बाई. आता काय लपवायचं?"

काकूने वही उघडली नाही. सांगायला लागली ती बागेत सांगत असेल तशीच, हलक्या आवाजात, कुणाकडे न बघता. तिची नायिका तेजस्विनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघते. बागेत मणी भरत आलेत, अजून गोडी उतरायची आहे. नवरा, रुद्र त्याचं नाव, बैलगाडीत सामान ठेवतो, कासरा ओढतो, सगळं करतो आणि जाताना एक शब्द बोलत नाही. ती ते मनाशी धरून जाते. माल तुटतो. एप्रिलची छाटणी येते, बागेतल्या प्रत्येक झाडाच्या काड्या खरडून काढतात, पुढच्या सालची तयारी. रुद्र एक झाड छाटत नाही. तिसऱ्या ओळीतलं. त्याला एकच घड ठेवलेला, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून दोऱ्याने बांधलेला. बाप येता-जाता बोलतो, एका घडापायी झाडाचं अख्खं साल घालवलंस. तो म्हणतो, राहिलं. ज्येष्ठात ती बाळाला घेऊन परत येते. तो तिला बागेत नेतो, दोरा सोडतो. कागदात द्राक्षं नसतात. वाळून बेदाणे झालेले असतात.

"तो म्हणतो, थोडा उशीर झाला," काकू म्हणाली. "आणि ती तिथंच उभी राहून एकेक दाणा खाते. सगळा घड संपेपर्यंत. तो बाळाला धरून उभा राहतो."

शेडमध्ये कुणी हललं नाही. आईच्या हातातली चहाची किटली तिरकी झालेली तशीच राहिली होती. हर्षलचं बोट नकाशावर एकतिसाव्या झाडापाशी टेकलेलं होतं.

मग अप्पांनी घसा साफ केला. "असं कुणी करत नसतं," ते कुंदनकाकाला म्हणाले. "तिला सांग. एप्रिल छाटणीत काडी ठेवली तर झाड वाया जातं. आणि घड तीन-तीन महिने राहतो होय झाडावर?"

"राहतो," चतुराबाई म्हणाली. "मी खाल्लाय."

तिने किटली खाली ठेवली. अप्पांकडे न बघता, ग्लास सारखे करत ती पुढे बोलली, की त्याला धुळीची चव होती आणि शाईचीही, आणि तसं गोड तिने पुन्हा कधी खाल्लं नाही.

हर्षलने हळूच विचारलं, "म्हणजे ते बाळ..."

"तूच. रडत होतास."

स्नेहल अप्पांकडे बघत राहिली. बावीस-तेवीस वर्षं ती या माणसाच्या घरात होती. त्यांचा रक्तदाब तिला माहीत होता, सातबारा पाठ होता, चिडले की डावी भुवई कशी हलते ते माहीत होतं. आणि नवी नवरी होऊन आलेल्या एका बाईने त्या वर्षी बागेत न छाटलेलं एक झाड पाहिलं, काही विचारलं नाही, आणि ते इतकी वर्षं मनात ठेवलं. सत्तावीस कादंबऱ्या त्या झाडाच्या बाजूबाजूने लिहिल्या आणि यंदा कुठे धीर करून त्याला हात लावला. बारा बायका, ज्यांना यातलं काही माहीत नव्हतं, चार झाडं चालून गेल्या आणि एक मणी कापू शकल्या नाहीत. स्नेहलने ते मोजलं होतं. मोजूनही ते मोजण्यापलीकडचं होतं.

कुंदनकाका म्हणाला, "अप्पांचं तिकीट कन्फर्म झालेलं दिसतंय. आमचं बघा कधी होतं."

कुणीतरी हसलं. अप्पा उठले. धोतराची धूळ झटकली, नकाशाजवळ आले, आणि त्या लाल पट्ट्याकडे असं पाहिलं जसं ते पिकलेल्या घडाकडे बघत. मग हर्षलला म्हणाले, "विहिरीमागचा प्लॉट एक्स्पोर्टला धरायचा नाही. यंदाही नाही, पुढंही नाही. त्याचे बेदाणे करायचे. बेदाण्याला सारखा घड कोण मागतो?"

"आणि थिनिंग?" हर्षलने विचारलं.

"थिनिंग हीच टोळी करंल. त्यांच्या त्यांच्या पद्धतीनं."

ठमाबाई तेव्हा कुठे खाली बसली, उंबऱ्यावरच, आणि तिने चहाला हात पुढे केला. काकू अजून मान खाली घालून होती. अप्पा दाराकडे निघाले. दोन पावलं जाऊन थांबले. पाठ शेडकडेच ठेवून, कुंदनकाकाला मध्ये न घेता, अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा बोलले.

"मनीषा. तिसरी ओळ नव्हती ती. विहिरीकडून पहिली."

ते उन्हात निघून गेले. त्यांच्या पाठीकडे कुणीच बघितलं नाही, कारण सगळे काकूकडे बघत होते. आणि काकू, स्नेहलच्या लक्षात आलं, कुणाच्याच चेहऱ्याकडे बघत नव्हती. ती हात बघत होती: ठमाबाईचा ग्लास ओठांच्या अलीकडे थांबलेला, आईची बोटं पदराच्या टोकावर, हर्षलचा तळवा नकाशावर पसरलेला, आणि स्नेहलचे स्वतःचे दोन्ही हात, रिकामे, हवेत तसेच राहिलेले.

काकूने वही उघडली, 'तिसऱ्या' वर रेघ मारून वर 'पहिल्या' लिहिलं, आणि पेन्सिलने समासात एक नवी खूण केली.